मामांची डावी सीट आणि शाळेचा फळा

वाचकाचं पत्र : माझं वय २२. गाव फलटण तालुक्यात. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं. कारचं लायसन्स दीड वर्षापूर्वी काढलंय. मामांची स्वतःची दहा टायरी आहे, म्हणजे दहा टायरांचा ट्रक. भिवंडीहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा माल नेतात, येताना मिळेल ते भाडं. मामा म्हणतात, 'सहा महिने माझ्याबरोबर क्लीनर म्हणून फिर, मोकळा रस्ता लागला की स्टेअरिंग देत जाईन, लायसन्सचं नंतर बघू. वर्गात बसून कुणी घाट उतरायला शिकलेलं नाही.' वडिलांचं म्हणणं, सहा आठवड्यांचा हेवीचा, म्हणजे जड गाडीचा, कोर्स रीतसर कर. फी २४ हजार आहे आणि तेवढे पैसे घरातून एकदाच निघतील. कुणाचं ऐकू? आणि मामांना न दुखावता सांगू कसं?

उत्तर :

मामांचं एक वाक्य बरोबर आहे आणि एक चूक. वर्गात बसून घाट उतरता येत नाही हे खरं. पण 'लायसन्सचं नंतर बघू' हे चूक आहे, आणि त्याची किंमत मोठी असल्यामुळे आधी तेवढंच मिटवून घेऊ.

ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वय २० पूर्ण लागतं, ते तुमचं आहे. हेवीचं लर्निंग काढायला हलक्या गाडीचं पक्कं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं, तेही आहे. म्हणजे लर्निंगसाठी अर्ज करायला तुम्हाला आजही अडचण नाही. डॉक्टरचा दाखला नमुना १-अ मध्ये घ्यावा लागेल. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही. लर्निंग नसताना मामांनी स्टेअरिंग दिलं तर तुम्ही एका कलमात आणि गाडीमालक म्हणून मामा दुसऱ्या कलमात अडकतात. दोन्हीकडे ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

दंड भरून सुटता येतं. विम्याचं तसं नाही. मामांच्या पॉलिसीच्या कागदावर 'ड्रायव्हर'बद्दलची बारीक अक्षरातली अट असते, ती त्यांना वाचून दाखवा. मालवाहू गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत असं लिहिलेलं असतं की लर्निंगवाला माणूस गाडी चालवू शकतो, पण त्या वेळी गाडी मालवाहतुकीसाठी वापरात नसावी आणि मोटार वाहन नियम ३ पाळलेला असावा. नियम ३ म्हणजे शेजारी त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स असलेला शिकवणारा, तोही गाडी आवरू शकेल अशा जागी बसलेला, आणि पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल'. थोडक्यात, लर्निंगवर खाली, म्हणजे रिकामी, गाडी चालवता येईल. भरलेली नाही. भरलेली गाडी तुमच्या हातात असताना कुणी जखमी झालं, तर भरपाईचा बोजा मामांवर येऊ शकतो, आणि त्यात त्यांची गाडीच विकावी लागेल. ही अट तुम्ही काय क्रमाने शिकायचं तेही ठरवून देते, म्हणून ती लक्षात ठेवा.

आता वर्ग की रस्ता.

कायद्याने साध्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलला जड गाडीसाठी किमान ३० दिवसांचं शिक्षण द्यावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तास. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र असा वेगळा प्रकार आला आहे. त्यांचा हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, त्यांच्याकडे सिम्युलेटर (गाडी चालवण्याचा आभास देणारं यंत्र) आणि स्वतःचा ट्रॅक असावा लागतो, आणि त्यांचं प्रमाणपत्र असेल तर आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. तुमच्या वडिलांनी सांगितलेला सहा आठवड्यांचा कोर्स बहुधा या दुसऱ्या प्रकारातला आहे. पण बाहेरच्या बोर्डावर विश्वास ठेवू नका, मान्यतेचं पत्र बघायला मागा.

१५ तास म्हणजे किती? भिवंडीहून हुबळीला भरलेली गाडी जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच. म्हणजे कोर्स पूर्ण केलेल्या मुलाचा हात एका फेरीएवढा बसलेला असतो. म्हणून मालक लोक नुसतं प्रमाणपत्र बघून गाडी देत नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तरीही आमचं मत, आधी कोर्स करा. कारण काही गोष्टी रस्त्यावर शिकता येतात, पण त्यांचा पहिलाच धडा शेवटचा ठरू शकतो. असे धडे फळ्यावर घेतलेले बरे.

घाटाचंच बघू, कारण मामांनी तोच काढलाय. समजा दहा टायरी पूर्ण भरलेली आहे, एकूण वजन २८ टन. खंडाळ्याहून खोपोलीकडे गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर साधारण ४०० लिटर पाणी उकळेल. ही उष्णता कुठे तरी जायलाच हवी. गाडी बारक्या गिअरमध्ये असेल आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी आवरणारा ब्रेक) चालू असेल तर बरीचशी इंजिनमधून बाहेर पडते. मोठा गिअर असेल किंवा न्यूट्रल असेल तर जवळजवळ सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये साठते.

ड्रम तापला की फुगतो, म्हणजे त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो. लायनर गरम होऊन गुळगुळीत पडतो आणि त्याची पकड कमी होते. ब्रेक चेंबरचा (हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याचा) दांडा ठरावीक अंतरच पुढे येऊ शकतो. फुगलेल्या ड्रमपर्यंत पोचायला त्याला जास्त यावं लागतं आणि एका मर्यादेनंतर तो पुरतच नाही. ड्रायव्हरला पायाखाली पेडल नेहमीसारखंच लागतं, हवेचा काटाही ठीक दाखवतो, पण गाडी थांबत नाही. 'ब्रेक फेल' म्हणून ज्या बातम्या येतात त्यांत असे बरेच प्रकार असतात. काहीही तुटलेलं नसतं, ब्रेक फक्त भाजलेले असतात. अशा वेळी हँडब्रेक ओढूनही फार उपयोग होत नाही, कारण त्याच्या स्प्रिंगाही त्याच तापलेल्या ड्रमवर दाब देतात.

यात हवेची भानगड वेगळी. जड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. साधारण आठ बारच्या आसपास टाकी भरली की 'फुस्स' आवाज येतो. पाचच्या खाली काटा गेला की दिवा लागतो आणि बझर वाजतो. पाय वारंवार पंपासारखा मारला की प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते. ती भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद फिरत असल्यामुळे हवाही मंदच भरते. म्हणजे न्यूट्रलवाला एकाच वेळी ब्रेक जास्त वापरतो आणि हवा कमी भरतो. वर वेग वाढल्यावर त्याला गिअर परत टाकता येत नाही, किरकिर वाजून गिअरचा दांडा बाहेर येतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुमच्या मामांच्या रोजच्या वाटेवर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने एकामागोमाग एक अनेक गाड्या ठोकरल्या, त्यानंतरही त्या पट्ट्यातले अपघात थांबलेले नाहीत. घाटासारखी वळणं नसल्यामुळे तो उतार डोळ्याला उतार वाटत नाही, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल मारायचा मोह तिथेच होतो.

आणि डिझेल वाचतही नाही. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना रेसवरून पाय काढलेला असेल तर पंप डिझेल तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल द्यावंच लागतं. जुन्या पिढीच्या ड्रायव्हरांना न्यूट्रलची सवय जुन्या गाड्यांवर लागली. ती वाईटच होती, पण निदान तिच्यामागे काही हिशेब तरी होता. आता तोही उरलेला नाही.

वर्गात हे सगळं एका तासात समजतं. घाटात आपणहून समजायचं तर ब्रेक जळल्यावरच समजेल. पण समजलं म्हणजे जमलं असं नाही, पायाला ते शिकवायला उतारच लागतो. पद्धत अशी : उतार सुरू होण्याआधी, सपाटीवरच गिअर बारका करा. गिअर असा हवा की एक्झॉस्ट ब्रेक लावल्यावर गाडी ब्रेकशिवाय जवळजवळ एका वेगाने उतरेल. एक्झॉस्ट ब्रेकला इंजिनचे फेरे चढलेले असले तरच जोर येतो, म्हणून फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात जाऊ न देता वरच्या बाजूला ठेवायचा. वेग ठरवलेल्या आकड्याला आला, समजा ३५ ला, की ब्रेक ठामपणे दाबून २७-२८ पर्यंत आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पाय सतत हलका टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण ड्रमला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही. उताराच्या मध्ये गिअर बदलायची वेळ आली तर समजा की वरच चूक झाली होती.

यासाठी एक छोटी वही ठेवा. प्रत्येक मोठ्या उताराला लिहायचं : माल किती टन, कोणत्या गिअरला उतरलो, ब्रेक किती वेळा दाबावा लागला. मामा चालवत असताना त्यांचेही दाब मोजा, मात्र मनातल्या मनात. एकाच उताराला, तेवढ्याच मालावर, हा आकडा कमी होत गेला की तुमचा गिअर बरोबर बसतोय.

वर्गातली बाकीची कामाची शिदोरी पटकन सांगतो. ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची) मुदत साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस धरली जाते, आणि वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर बिलाच्या दुसऱ्या भागात गाडीचा नंबर बदलावा लागतो. ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल उतरवेपर्यंत गाडी उभी. टँकर किंवा धोकादायक माल चालवायचा झाला तर वेगळं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर नोंद लागते. अपघात झाल्यावर जखमीला दवाखान्यात पोचवण्याची आणि पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कायद्याने ड्रायव्हरवर आहे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुठेही ११२. कामाच्या तासांचा १९६१ चा कायदा सांगायचा : दिवसाला आठ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. एकाच ड्रायव्हरवर चालणाऱ्या गाड्यांत असे तास किती पाळले जातात ते तुम्हाला मामांबरोबर दिसेलच. पण रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात चहाने झोप जात नाही, वीस-पंचवीस मिनिटं गाडी बाजूला लावून डोळा लागला तर जाते, एवढं स्वतःपुरतं तरी ठरवून टाका.

आता वर्गात जे होत नाही त्याकडे. यातला पहिला नंबर रिव्हर्सचा. भिवंडीतल्या गोदामांच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या नसतील तर मामांना विचारा. दोन्ही बाजूंनी उभ्या गाड्या, मागे डॉक (माल चढवायचा-उतरवायचा ओटा), हमाल खोळंबलेले. फळ्यावर काढलेली आकृती तिथे उपयोगाची नाही. मोकळ्या मैदानात चार रिकामे डबे आणि चुन्याच्या रेघा घेऊन सराव करावा लागतो. आधी तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यात ३० मीटर सरळ मागे. रोज दहा वेळा. रेघ ओलांडली की थांबायचं, पुढे घेऊन सरळ करायचं, मग पुन्हा. नवा माणूस चूक झाल्यावर मागे-मागेच दुरुस्त करायला जातो आणि गाडी आणखी तिरकी होते. सरळ जमल्यावर उजव्या बाजूने मागे वळवणं, कारण खिडकीतून दिसतं. डाव्या बाजूचं त्यानंतर, ते फक्त आरशात दिसतं. शंका आली की हँडब्रेक लावून खाली उतरून बघायचं. यात कमीपणा नाही. गोदामाचा कोपरा फुटला की तो भाड्यातून कापला जातो.

दुसरं म्हणजे वळण. पुढची चाकं ज्या रेघेवरून जातात तिच्या आतून मागची जातात. चौकातल्या घट्ट वळणाला दहा टायरीची मागची चाकं मीटरभर आतून कापतात, लांब गाडीची दोन मीटरपर्यंत. कार चालवायची सवय असलेला मुलगा वळण घ्यायला लवकर सुरुवात करतो आणि डावीकडचा हातगाडीवाला मागच्या चाकाखाली येतो. म्हणून पुढचा टायर कोपऱ्याच्या पुढे गेल्याशिवाय स्टेअरिंग वळवायचं नाही. डाव्या आरशात मागचा टायर दिसत राहील असा आरसा लावायचा, आणि वळताना नजर तिथे दोन-तीन वेळा गेली पाहिजे. केबिनच्या डाव्या दाराखाली आणि अगदी नाकापुढे जे असतं ते सीटवरून दिसतच नाही. सिग्नलला दुचाकीवाले नेमके तिथेच येऊन थांबतात, त्यामुळे सुटताना आधी गाडी फूटभर हळू सरकवून मग निघायचं.

तिसरं क्लच. भरलेली गाडी चढावर उभी आहे आणि पुढे निघायचं आहे. हँडब्रेक लावलेला ठेवा, पहिला किंवा क्रॉलर (सगळ्यात बारका) गिअर, क्लच हळू सोडत आणा. इंजिनचा आवाज जड झाला आणि केबिनचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक सोडा, मग क्लच पूर्ण सोडून रेस द्या. हे न जमणारा हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो, केबिनमध्ये जळका वास येतो आणि क्लच प्लेट गेली. खंबाटकी चढताना पुढची गाडी अचानक थांबली तर तुम्हाला हेच करावं लागणार आहे. मोकळ्या मैदानात नुसत्या क्लचवर, रेस न देता, गाडी दहा मीटर मुंगीच्या पायाने न्यायचा सराव आधी करा. डिझेल इंजिनात तेवढा दम असतो. पायाला 'पकड' कुठे आहे ते त्यातून कळतं.

चौथी गोष्ट अंतराची. ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, आणि हवा चेंबरपर्यंत पोचून दाब बसेपर्यंत सुमारे अर्धा. म्हणजे गाडीचा वेग कमी व्हायला सुरुवात होण्याआधीच २५ मीटर संपले. हे गणित वर्गात ऐकून मान डोलावता येते. पण रस्त्यावर पुढच्या गाडीपासून तेवढी जागा सोडली की मध्ये दोन कार घुसतात, आणि त्या घुसल्यावर चिडून अंतर कमी न करणं, हे कुठलंही पुस्तक शिकवू शकत नाही.

एक फसवी गोष्ट सांगायला हवी. शाळेची गाडी जवळजवळ नेहमीच खाली असते, आणि खाली गाडी भरलेल्या गाडीपेक्षा वेगळी वागते. खाली गाडीला ब्रेक झटकन लागतो, ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होऊन घसरतात, खड्ड्यात मागचा भाग उड्या मारतो. भरलेली गाडी मात्र हळू उचलते, हळू थांबते, वळणावर माल वर बांधलेला असेल तर झुकते. म्हणून कोर्स करून आलेल्याला भरलेल्या गाडीवर पुन्हा थोडं नव्याने शिकावं लागतं. सिम्युलेटरबद्दलही तेच. आरसा-गिअर-इंडिकेटर यांचा क्रम बसवायला, धुक्यात काय दिसतं आणि काय नाही ते बघायला तो बरा. वजन अंगाला कळायला निरुपयोगी.

इथे मामा लागतात, आणि त्यांच्याशिवाय तुमचं शिक्षण पुरं होणार नाही. क्लीनरच्या डाव्या सीटवरून जे शिकता येतं ते शाळेत कोणी दाखवत नाही. गाडीची डावी बाजू किती बाहेर आहे, ताडपत्री कुठून पाणी धरते, दोर कुठे काचतो, लोखंडी कॉइल दोराने न बांधता साखळीने का आवळावी लागते, माल मागच्या ॲक्सलच्या मागे जास्त गेला की स्टेअरिंग हलकं का पडतं. रिम-टायर मिळून शंभर किलोच्या आसपास भरणारं चाक दोघांनी कसं बदलायचं. नटाभोवती गंजाची लालसर रेघ उतरलेली दिसली की नट सैल आहे, हेही. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी असेल तर युरियाच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाच्या, टाकीकडे लक्ष ठेवणं तुमच्याकडे येईल. ती कोरडी पडली तर इंजिनची ताकद घटते, आणि डिझेलच्या टाकीत चुकून युरिया ओतला तर पंप-नोझलचा खर्च लाखांत जातो.

पण त्या सीटवरून मामांचे पाय दिसत नाहीत, आणि मामांच्या चुकाही बरोबरच्या म्हणून शिकल्या जातात. कशात चूक आहे हे ओळखण्यापुरतं ज्ञान आधी डोक्यात असलं, तर त्यांच्याकडून उरलेलं नव्वद टक्के सोनं घेता येतं. वर्ग आधी सांगण्यामागे आमचं खरं कारण हेच.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात हेवीच्या लर्निंगचा अर्ज. लर्निंग आलं की कोर्स. कोर्सच्या सहा आठवड्यांत सुट्टीच्या दिवशी मामांची गाडी रिकामी उभी असेल तर एल पाटी लावून, मामा शेजारी, मैदानात रिव्हर्स आणि क्लच. लायसन्स मिळाल्यावर मामांबरोबर तीन महिने. पहिले १५ दिवस फक्त दिवसा आणि फक्त सपाट चौपदरी रस्ता, रोज दोन-अडीच तासच. मग चढ. उतार सगळ्यात शेवटी, आधी अर्ध्या मालावर. रात्र आणि पाऊस एकाच दिवशी पहिल्यांदा नकोत. खंबाटकीचा जुना बोगदा पुण्याकडे येताना ओलांडला की पुढचं एस वळण लागतं, तिथे पहिले काही वेळा मामांनाच चालवू द्या आणि ते वेग कुठे कमी करतात ते खांबावरून टिपून ठेवा.

दरम्यान घरात पैशाची ओढ असेल तर एक कायदेशीर वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की हलक्या गाडीच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते. भाजीचा किंवा दुधाचा पिकअप तुम्ही आजच्या लायसन्सवर चालवू शकता. आरसे बघायची, माल बांधायची आणि पहाटे उठायची सवय तिथेच लागेल. आरसी बुकातलं एकूण वजन मात्र स्वतः वाचा, मालकाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

२४ हजार भरण्याआधी शाळेत स्वतः जा, तेही शिकवणं चालू असताना. विचारा : एका गाडीवर किती मुलं असतात? चार जण असतील आणि रोजची गाडी दोन तास, तर तुमच्या वाट्याला अर्धा तास येतो. सहा आठवड्यांत ३६ दिवस धरले तरी सीटवरचे १८ तास. बाकी वेळ मागे बसून बघणं, आणि काही शाळा तेही तासांत मोजतात. शिकवायची गाडी एअर ब्रेकची आहे का? शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे का? रात्रीची निदान एक फेरी असते का? रिव्हर्स किती तास? वजन टाकून एकदा तरी चालवायला देतात का? 'रोज यायची गरज नाही, सर्टिफिकेट मिळून जाईल' असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. तुम्हाला कागदाबरोबर तास विकत घ्यायचे आहेत. फी दोन हप्त्यांत द्या, पावती घ्या, आणि तुमच्या सीटवरच्या तासांची नोंद रोज शिकवणाऱ्याच्या सहीने ठेवा.

आता मामांचं. त्यांच्याशी वर्ग-रस्ता या विषयावर वाद घालू नका, हराल. त्याऐवजी विम्याची ती अट दाखवा. गाडी त्यांची आहे, त्यांना एका वाक्यात कळेल. मग सांगा की सहा आठवडे मागून घेतोय, त्यानंतर तीन महिने तुमचाच. आणि तोवर सुट्टीच्या सकाळी गाडीजवळ जाऊन एक काम मागून घ्या. हवेच्या टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून साचलेलं पाणी सोडायचं. नुसतं पाणी आलं तर ठीक, तेलकट आलं तर कॉम्प्रेसर किंवा एअर ड्रायर बघायला हवा. मग इंजिन चालू करून हवा भरू द्या, फुस्स झाल्यावर इंजिन बंद, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडा, पेडल पूर्ण दाबून मिनिटभर धरा आणि मामांना काटा बघायला सांगा. काटा भराभर खाली आला तर कुठल्या चाकाशी सुस्कारा ऐकू येतोय ते मामा कानाने शोधतील. हे शाळेतल्या कुठल्याही मास्तरापेक्षा त्यांना जास्त चांगलं येत असेल.